लांब पल्ल्याच्या चालीत पाठ धरते तेव्हा काय तपासावे, आणि कोणत्या क्रमाने

नर्मदा परिक्रमेला, पचमढीच्या डोंगरांत किंवा नुसते नागपूरहून रामटेकपर्यंत चालत जायला निघालेल्या मंडळींच्या सॅका गेली अनेक वर्षे माझ्या घरच्या सतरंजीवर रिकाम्या होत आल्या आहेत. तक्रार जवळपास दर वेळी तीच असते. पहिला दिवस उत्साहात जातो, दुसऱ्या दिवशी कंबर भरून येते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाठ अशी धरते की सकाळी अंथरुणावरून उठायला कोणाचा तरी हात लागतो. माझ्या स्वतःच्या कमरेतल्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती सरकलेली आहे. त्यामुळे हा बिघाड मी आधी स्वतःच्या अंगावर दुरुस्त करायला शिकले आणि मग इतरांच्या.

सामान हलके असणे आणि ते पाठीला हलके वाटणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला फार उशिरा कळले. काट्यावर सहा किलो भरणारी, पण कमरपट्टा नसलेली पिशवी नीट बसलेल्या नऊ किलोंच्या सॅकपेक्षा पाठीला जास्त जाचू शकते. म्हणून नवी सॅक विकत घेण्याआधी, आणि वेदनाशामक गोळ्यांची पट्टी खिशात टाकण्याआधीही, पुढे दिलेल्या क्रमाने तपासत जावे. सुरुवातीच्या तपासण्यांना काहीच खर्च नाही. ज्यांच्या पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा आहे, किंवा ज्यांना लघवीवर ताबा राहिनासा झाला आहे, त्यांनी मात्र मधले सगळे सोडून शेवटचा भाग आधी वाचावा.

लक्षणे

दुखणे नेमके कुठे आहे, दिवसाच्या कोणत्या वेळी सुरू होते आणि काय केल्याने कमी होते, एवढ्या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून निम्मे निदान होते.

मानेच्या मुळाशी आणि खांद्यांवर जळजळ होत असेल, पट्ट्यांखाली लाल वळ उठत असतील, तर वजन कमरेवर न जाता खांद्यांवरच लटकते आहे.

कमरेत आडवे, पट्टा बांधल्यासारखे दुखत असेल आणि सॅक उतरवून दहा-पंधरा मिनिटे बसल्यावर ते बरेच कमी होत असेल, तर दोष वजनाचा किंवा बांधणीचा असतो.

दुखणे एकाच बाजूला, कमरेच्या खाली आणि कुल्ल्याच्या वर असेल, तर जमिनीचा उतार, एका बाजूची पाण्याची बाटली, झिजलेली टाच किंवा नेहमी एकाच हातात धरलेली काठी ह्यांपैकी काहीतरी सापडते.

सकाळी उठताना पाठ लाकडासारखी ताठ असते, पण चालू लागल्यावर थोड्या वेळात मोकळी होते, असे असेल तर सॅकला दोष देण्याआधी आदल्या संध्याकाळची कामे आणि रात्रीचे अंथरूण पाहावे. मात्र चाळिशीच्या आतल्या माणसाचा हा ताठरपणा दररोज अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल, विश्रांतीने वाढत असेल आणि हे महिनोन्‌महिने चालले असेल, तर तो सांध्यांच्या दाहाचा आजार असू शकतो आणि त्याची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते.

पन्नाशी-साठीच्या पुढच्या काहींना उभे राहिल्यावर, चालताना आणि विशेषतः उतरताना दोन्ही पाय भरून येतात, आणि बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर लगेच आराम पडतो. इथे मणक्यांमधली नसांची वाट अरुंद झाल्याचा संशय घ्यावा. हे घाईचे प्रकरण नाही, पण सॅकचे पट्टे ओढूनही ते सुटणार नाही.

कुल्ल्यातून मांडीच्या मागून गुडघ्याखाली, पोटरीत किंवा पावलात उतरणारी कळ नसेची असते, आणि तिचा विचार वेगळा करावा लागतो.

शेवटी, बरगड्यांच्या खाली एका बाजूला लाटेसारखी येणारी, जांघेकडे सरकणारी, कुठल्याच स्थितीत चैन पडू न देणारी आणि सोबत मळमळ आणणारी कळ ही पाठीची नसून बहुधा मुतखड्याची असते. विदर्भाच्या उन्हात कमी पाणी पिऊन चालणाऱ्यांना हे विशेष करून सांगावे लागते. अशा कळेवर कमरपट्टा घट्ट करण्यात वेळ घालवू नये.

रिकाम्या पाठीने चालून पाहावे

ही सर्वांत सोपी तपासणी आहे आणि तीच सगळ्यात जास्त वेळा टाळली जाते. एक दिवस सॅक घरी ठेवून, तेच बूट घालून, त्याच वेगाने दीड-दोन तास चालावे. फुटाळा तलावाच्या काठाने किंवा सेमिनरी हिल्सच्या चढ-उतारावर हे सहज जमते. दुखणे आले नाही तर बिघाड सॅकमध्ये किंवा ती उचलण्याच्या पद्धतीत आहे, आणि पुढच्या तपासण्या उपयोगी पडतील. त्याच जागी तेवढेच दुखले तर सॅक निर्दोष आहे. मग बूट, झोप आणि शरीराची ताकद ह्यांकडे वळावे, आणि त्यानेही फरक पडला नाही तर डॉक्टरांकडे. ह्या एका फेरीने कित्येकांचे नव्या सॅकचे पैसे वाचलेले मी पाहिले आहेत.

वजन करावे, अंदाज नको

हुकाचा वजनकाटा नसेल तर ओळखीच्या रद्दीवाल्याचा काटा चालतो. सॅक पूर्ण भरून, पाणी आणि शिधा धरून तोलावी, आणि मग प्रत्येक वस्तू वेगळी तोलून कागदावर लिहावी. निरोगी माणसाने लांबच्या चालीत शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त ओझे घेऊ नये, असा साधारण ठोकताळा आहे. पाठ दुखणाऱ्यांसाठी मी तो दहा ते बारा टक्क्यांवर आणते. अमेरिकेतल्या लांब पायवाटांवर चालणारे लोक अन्न, पाणी आणि इंधन वगळून उरलेल्या सामानाचे मूळ वजन धरतात. ते सुमारे ९ किलोंच्या आत असेल तर हलके आणि सुमारे साडेचार किलोंच्या आत असेल तर अतिहलके समजले जाते. परिक्रमेत तंबू आणि चूल बहुतेक लागत नाही, आश्रमांत आणि गावांत अन्न मिळते, त्यामुळे साडेचार किलोंचा आकडा आपल्याकडे मुळीच अशक्य नाही.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या शेजारच्या काकूंची सॅक अशीच उघडली. काकूंचे वजन ५८ किलो आणि सॅक भरली ११ किलो ४०० ग्रॅम. एकट्या सोलापुरी चादरीने १ किलो ३०० ग्रॅम घेतले होते. तीन सुती साड्या, स्टीलचा झाकणाचा डबा, अंगाला लावायच्या तेलाची भरलेली काचेची बाटली, दोन टॉवेल, आणि वाटेत कोणाला लागले तर म्हणून घेतलेली औषधे. काकू प्रत्येक वस्तूचे कारण सांगत होत्या आणि प्रत्येक कारण खरे होते. मी त्यांना वस्तू काढायला सांगितल्या नाहीत. प्रत्येक वस्तूसमोर लिहिलेले वजन मोठ्याने वाचून दाखवले, आणि टॉवेलच्या जागी पंचा त्यांनी स्वतःच काढून आणला. शेवटी काटा ६ किलो ८०० ग्रॅमवर थांबला. पूजेची पितळी डबी त्यांनी ठेवली, आणि ती ठेवायलाच हवी होती. ज्या वस्तूने माणसाचे मन रस्त्यावर टिकते, तिचे वजन कमी करायला मी कोणाला सांगत नाही.

पाण्याबद्दल एक सांगणे आहे. एक लिटर म्हणजे एक किलो. गावे जवळजवळ असलेल्या टप्प्यात तीन लिटर वाहून नेण्याची गरज नसते. हापशीवर पोटभर प्यावे आणि एक लिटर सोबत घ्यावे. शूलपाणीच्या झाडीसारख्या विरळ वस्तीच्या टप्प्यात मात्र पाठ वाचवण्यासाठी पाणी कमी करणे चुकीचे आहे. तिथे दुसरे काहीतरी काढावे.

बांधणी

तेच वजन दोन वेगळ्या पद्धतींनी भरले तर पाठीला दोन वेगळी ओझी वाटतात, आणि ह्याचे कारण साध्या तरफेचे आहे. पाच किलोंची वस्तू पाठीच्या कण्यापासून दहा सेंटीमीटरवर असेल तर ती मागे ओढते त्याच्या अडीच पट ओढ तीच वस्तू पंचवीस सेंटीमीटरवर गेल्यावर लागते. ही ओढ तोलण्यासाठी माणूस नकळत पुढे झुकतो आणि कमरेचे स्नायू दिवसभर आखडून राहतात. म्हणून जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या मधल्या उंचीवर ठेवाव्यात. तळाशी अंथरूण-पांघरूण, आणि बाहेरच्या कप्प्यात फक्त हलके आणि वारंवार लागणारे सामान असावे. सॅकच्या बाहेर लोंबणारे काहीही, मग तो डबा असो, ओले कपडे असोत की चपला, प्रत्येक पावलाला झोका घेते आणि पाठीला तो झोका आवरावा लागतो. भरून झाल्यावर सॅक जमिनीवर उभी करावी. ती एका बाजूला कलंडत असेल तर डाव्या-उजव्या बाजूंचे वजन सारखे नाही.

पट्टे आणि पाठीचे माप

कमरपट्टा पोटावर बांधलेला असतो, ही मी सर्वांत जास्त वेळा दुरुस्त केलेली चूक आहे. कमरेच्या दोन्ही बाजूंना हात ठेवल्यावर जे हाड बोटांना लागते, त्या हाडाचा वरचा काठ पट्ट्याच्या मध्यावर यायला हवा. वजन पोटाच्या मऊ भागाने पेलता येत नाही. हाडाने येते, आणि तिथून ते सरळ पायांत उतरते. पट्टा वर सरकला तर श्वास अडतो आणि खाली सरकला तर मांड्या अडतात. दोन्ही वेळा माणूस तो सैल करतो आणि सगळे ओझे खांद्यांवर येते.

बांधण्याचा क्रम असा ठेवावा. आधी सगळे पट्टे सैल करून सॅक चढवावी, मग कमरपट्टा हाडावर बसवून घट्ट करावा, मग खांद्याचे पट्टे ते अंगाला टेकतील एवढेच ओढावेत, त्यानंतर खांद्यांवरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे थोडे ताणावेत, आणि शेवटी छातीचा पट्टा गळ्याखालच्या हाडांच्या दोन बोटे खाली, श्वास मोकळा राहील असा लावावा. सगळे बरोबर बसले की खांद्याच्या पट्ट्याखाली बोट सहज सरकते.

एवढे करूनही पट्टा जागेवर येत नसेल तर पाठीचे माप घ्यावे. मान पुढे झुकवल्यावर मानेच्या मुळाशी उठून दिसणाऱ्या हाडापासून, दोन्ही हात कमरेच्या हाडावर ठेवल्यावर अंगठ्यांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेपर्यंतचे अंतर शिंप्याच्या टेपने मोजावे. माणूस उंच असला म्हणजे त्याची पाठ लांब असतेच असे नाही. आमच्या ओळखीच्या एका उंच दादांचे पाय लांब आणि पाठ आखूड निघाली. मोठ्या मापाची सॅक घेऊन ते वर्षभर पाठ चोळत होते.

सॅक उचलताना उसण भरते

चालताना पाठ दुखते, पण उसण बहुतेक वेळा सॅक चढवताना किंवा उतरवताना भरते. जमिनीवरची सॅक एका हाताने पकडून, कंबर पिळत तिला खांद्यावर फेकणे म्हणजे वाकणे, वळणे आणि उचलणे ही तिन्ही कामे एकाच क्षणी करणे, आणि मणक्यांमधल्या चकतीला हेच सर्वांत कमी सोसते. त्यापेक्षा देवळाचा ओटा किंवा झाडाचा पार शोधावा. सॅक पारावर ठेवावी, तिच्याकडे पाठ करून पट्ट्यांत हात घालावेत, कमरपट्टा लावावा आणि मगच सरळ उभे राहावे. आपल्याकडे गावोगावी पार आहेत, त्यामुळे विश्रांतीची जागा निवडताना सावलीबरोबर ही उंचीही पाहावी. पार नसेल तर एक पाय पुढे टाकून गुडघा वाकवावा, सॅक त्या मांडीवर घ्यावी, आणि तिथून आधी एक व मग दुसरा हात घालावा.

दर ४५-५० मिनिटांनी सॅक उतरवून पाच मिनिटे पाठ टेकावी. दुखू लागल्यावर थांबण्यात आणि दुखण्याआधी थांबण्यात फार फरक पडतो, कारण एकदा आखडलेला स्नायू पाच मिनिटांत सुटत नाही.

दुखणे एकाच बाजूला असेल तर पायाखाली पाहावे

हे मला कोणी सांगितले नव्हते, आणि कळायला दोन हिवाळे गेले. माझी उजवी बाजू दुखत असे, आणि मी त्याचा दोष सरकलेल्या चकतीला देत असे. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने जातात, म्हणून समोरचे वाहन दिसावे यासाठी आपण रस्त्याच्या उजव्या कडेने चालतो. पावसाचे पाणी वाहून जावे यासाठी रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता केलेला असतो. कामठी, कन्हान, मनसर असे करत रामटेकला जाताना सुमारे ५० किलोमीटर उजवे पाऊल डाव्यापेक्षा किंचित खाली पडत राहते आणि कंबर त्या बाजूला कलते. परिक्रमेतही नर्मदामाई उजव्या हाताला ठेवायची असते, आणि काठावरची पायवाट बहुतेक ठिकाणी नदीकडेच उतरती असते. एका पावलाला हा फरक जाणवत नाही, पण तो दिवसभर आणि दररोज साचत जातो.

उपाय साधे आहेत. डांबराची कड सोडून सपाट साइडपट्टीवरून चालावे, बैलगाडीच्या वाटेवर उंच चाकोरी निवडावी, आणि काठी उतरत्या बाजूच्या हातात घ्यावी. पाण्याची बाटली उजव्या कप्प्यात असेल तर ती डावीकडे न्यावी. बूट टेबलावर ठेवून मागून पाहावेत. एका टाचेची बाहेरची कड झिजून बूट कलंडलेला दिसला तर तो बदलावा. चालण्याच्या बुटांचा मऊ तळ साधारण ५०० ते ८०० किलोमीटरांत दबतो, वरून बूट नवा दिसत असला तरी. परिक्रमेच्या लांबीचा विचार करता एक जोड पुरणार नाही, हे आधीच धरून चालावे.

शक्य असेल तर दोन काठ्या घ्याव्यात. सपाटीवर कोपर काटकोनात राहील एवढी त्यांची लांबी असावी, आणि उतारावर ती थोडी वाढवावी. चौरागडच्या पायऱ्या उतरताना किंवा श्रावणात नागद्वारच्या ओल्या खडकांवर पावलाचा जो दणका कमरेपर्यंत जातो, त्यातला बराच हिस्सा हातांवर येतो. एकच दंड असेल तर तो दर अर्ध्या तासाने हात बदलून धरावा.

संध्याकाळची कामे आणि रात्रीचे अंथरूण

दिवसभर पाठ सांभाळलेला माणूस मुक्कामी पोहोचल्यावर अर्धा तास घाटावर उकिडवा बसून, पुढे वाकून कपडे आपटतो, आणि दुसऱ्या सकाळी सॅकच्या नावाने बोटे मोडतो. थकलेल्या स्नायूंनी पुढे वाकणे हे ओझ्याहून वाईट असते. कपडे पायरीवर बसून, मांडीच्या उंचीवर धुवावेत किंवा नुसते पिळून वाळवावेत. हापशी मारताना कंबर न वाकवता गुडघे वाकवावेत. बादली भरून एका हाताने उचलण्यापेक्षा अर्धी भरून दोन खेपा कराव्यात.

रात्रभर आडवे राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. त्यामुळे उठल्यानंतरच्या पहिल्या तासात पुढे वाकणे त्यांना जास्त जाचते. सकाळी उठल्याबरोबर पायाची बोटे धरण्याचा व्यायाम करणाऱ्यांनी तो महिनाभर बंद ठेवून पाहावा. उठताना सरळ बसू नये. आधी कुशीवर वळावे आणि हाताच्या आधाराने उठावे. झोपताना उताणे असल्यास गुडघ्यांखाली आणि कुशीवर असल्यास गुडघ्यांच्या मध्ये कपड्यांची गुंडाळी ठेवावी. आश्रमाच्या फरशीवर नुसती चादर पुरत नाही. घडीची फोमची मॅट साधारण ४०० ग्रॅमची असते, आणि पाठ दुखणाऱ्या माणसाने तेवढे वजन वाचवण्याचा मोह टाळावा.

शरीराची ताकद

ही तपासणी फुकट असली तरी वेळखाऊ आहे, म्हणून ती इतकी खाली आली. कमरेभोवतीच्या स्नायूंमध्ये दम नसेल तर वरचे सगळे उपाय दोन-चार दिवस लाभतात आणि पाचव्या दिवशी दुखणे परत येते. निघण्याच्या आठ आठवडे आधी तीन व्यायाम सुरू करावेत. दोन्ही हात आणि गुडघे जमिनीवर टेकून समोरचा एक हात व विरुद्ध बाजूचा पाय सरळ करणे, कुशीवर होऊन कोपर आणि गुडघ्याच्या आधाराने कंबर उचलून धरणे, आणि उताणे पडून कंबर न सपाटता डोके व खांदे किंचित उचलणे. प्रत्येक स्थिती आठ-दहा सेकंद धरावी. ती जास्त वेळ ताणण्यापेक्षा जास्त वेळा करावी. सोबत सॅकचा सराव असावा. पहिला आठवडा रिकामी, मग दर आठवड्याला एकेक किलो. अंबाझरीच्या बांधावर भरलेली सॅक घेऊन फिरताना लोक पाहतात, त्याचा संकोच करू नये.

नवी सॅक घ्यायचीच असेल तर

इथपर्यंत सगळे करून झाल्यावरच हा खर्च करावा. अतिहलक्या सॅका बऱ्याचदा बिनचौकटीच्या असतात आणि त्यांचा कमरपट्टा नुसती फीत असते. १९५५ साली ६७ वर्षांच्या एमा गेटवुड यांनी घरी शिवलेली पिशवी एका खांद्यावर टाकून आणि तंबूऐवजी प्लास्टिकचा पडदा घेऊन अमेरिकेतली ॲपलाचियन वाट एकटीने पार केली. तीन हजार किलोमीटरांहून लांब असलेल्या त्या चालीबद्दल मला मनापासून आदर आहे, पण पाठ दुखणाऱ्याने तिच्यातले थोडके सामान घ्यावे, एका खांद्यावरची पिशवी घेऊ नये. पाठीत पातळ पत्रा किंवा कांबी असलेली, जाड कमरपट्ट्याची, आपल्या मापाची सॅक पाचशे-सातशे ग्रॅमने जड असली तरी चालेल. दुकानात ती रिकामी घालून पाहू नये. आपले सामान नेऊन, भरून, वीस मिनिटे चालून पाहावी.

इथे थांबावे आणि डॉक्टरांकडे जावे

काही चिन्हे दिसली की घरगुती दुरुस्ती बंद. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, सायकलच्या सीटला टेकणारा भाग बधिर होणे, किंवा दोन्ही पायांतली शक्ती कमी होत जाणे, हे मणक्यातल्या नसांच्या जुडग्यावर दाब आल्याचे लक्षण असू शकते, आणि त्यात तासांना महत्त्व असते. सकाळची वाट पाहू नये, नागपूरला परतण्याचा हट्ट धरू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि मणक्याची शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा सर्वांत जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावे.

कळ गुडघ्याखाली उतरत असेल, पावलात मुंग्या किंवा बधिरपणा असेल, तर चाल थांबवून एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवावे. टाचांवर दहा पावले आणि चवड्यांवर दहा पावले चालून पाहावे. एका पायाचा चवडा उचलत नसेल किंवा टाच उचलत नसेल तर नसेची शक्ती कमी झाली आहे, आणि त्याच दिवशी जावे. माझ्या बाबतीत हे घरातल्या चपलेने सांगितले. स्वयंपाकघरातून अंगणात येताना डाव्या पायातली चप्पल मागेच राहिली आणि मला ते कळलेच नाही. असे तीनदा झाले. मी चपलेचा अंगठा सैल झाला असेल म्हणून चांभाराकडे जाऊन तो घट्ट करून आणला. एमआरआय झाला तो त्यानंतर तीन आठवड्यांनी, आणि ते तीन आठवडे वाया गेल्याची हळहळ मला आजही आहे.

ताप आणि पाठदुखी एकत्र असणे, कारणाशिवाय वजन घटणे, रात्री आडवे पडल्यावरही न थांबणारे दुखणे, पूर्वी झालेला कर्करोग, दीर्घकाळ चाललेली स्टेरॉइडची औषधे, ह्यांपैकी काहीही असेल तर लवकर तपासून घ्यावे. पाळी गेलेल्या स्त्रियांनी घसरून बसल्यानंतर सुरू झालेली पाठदुखी साधी समजू नये, कारण ठिसूळ झालेला मणका थोड्याशा धक्क्यानेही दबतो. ह्याच कारणासाठी, उसण भरल्यावर पायाळू माणसाकडून पाठीला लाथ मारून घेण्याची जी रीत आहे, ती कृपया टाळावी. मारणाऱ्याच्या मनात मायाच असते, पण आत मणका दबलेला आहे की चकती सरकलेली आहे, हे त्याला दिसत नाही.

चाल पुरी करण्यासाठी सकाळी वेदनाशामक गोळी घेऊन निघणे मला मान्य नाही. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ह्या जातीच्या गोळ्या अंगातले पाणी कमी झालेले असताना मूत्रपिंडांना अपाय करू शकतात, आणि शिवाय जे दुखणे थांबायला सांगत असते तेच दबून जाते.

ह्यांपैकी काहीच नसलेली साधी पाठदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत कमी होते. त्यासाठी अंथरुणावर पडून राहू नये. बिनओझ्याचे थोडे थोडे चालणे सुरू ठेवावे. चार ते सहा आठवड्यांत उतार पडला नाही तर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, आणि त्यांच्या सल्ल्याने फिजिओथेरपिस्टकडे किंवा अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. नागपुरात मेडिकल, मेयो आणि एम्स ह्या सरकारी रुग्णालयांत हे विभाग आहेत. पहिल्याच दिवशी एमआरआयचा आग्रह धरू नये. कधीही पाठ न दुखलेल्या अनेकांच्या चित्रातही फुगलेल्या चकत्या दिसतात, आणि अहवाल वाचून माणूस उगीच घाबरतो.

जाताना एक कागद सोबत न्यावा. त्यावर दुखणे कुठे सुरू होते, कितव्या किलोमीटरला, सॅकचे वजन किती होते, सॅक नसताना काय झाले, कशाने वाढते, कशाने थांबते आणि पायात काही उतरते का, हे लिहिलेले असावे. ओपीडीत बोलायला फार वेळ मिळत नाही. काकूंनी असा कागद पुढे केला तेव्हा डॉक्टरांनी तो दोनदा वाचला, त्यांना खाटेवर झोपवून पाय उचलून पाहिला, आणि तीन आठवड्यांनी चार किलो घेऊन चालायला परवानगी दिली.